ओल्या कार्डांची परिषद

इतकी वर्षं झाली, पण त्या परिषदेचा विषय निघाला की माझं डोकं अजूनही फिरतं. घरातलं कुणीतरी मग हळूच उठून पंखा वाढवतं. वाढवा. पंख्याने जाणारा राग नाहीये तो.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. देशभरातल्या कारखान्यांतले, बँकांतले, सरकारी कचेऱ्यांतले प्रोग्रॅमर एका मांडवाखाली जमणार होते, आणि तेही मुंबई-दिल्ली सोडून आमच्या पिंपरीत, आमच्या कंपनीच्या मैदानावर. शेकड्यांनी माणसं येणार होती. 'सॉफ्टवेअर' हा शब्द तेव्हा आमच्या आमच्यातच चालायचा. मी प्रोग्रॅम लिहिते असं बाहेर कुणाला सांगितलं, तर लोक विचारायचे, "अरे वा, रेडिओवर का?"

आमच्या संगणक विभागात आम्ही सात प्रोग्रॅमर, त्यात बाई मी एकटी. संगणकाची खोली थंडगार असायची, चपला बाहेर काढूनच आत जायचं. शेजारच्या हॉलमध्ये पंचिंगच्या मुली बसायच्या. आम्ही कागदावर प्रोग्रॅम लिहायचा आणि मुलींनी तो जाड कागदाच्या कार्डांवर यंत्राने भोकं पाडून उतरवायचा, एका ओळीला एक कार्ड. त्या कार्डांचा गठ्ठा म्हणजे प्रोग्रॅम. तो संगणकाला खायला घालायचा. त्यातलं एखादं कार्ड दुमडलं, नाहीतर नुसतं दमट झालं, तरी वाचणारं यंत्र ते चावून टाकायचं आणि सगळं काम ठप्प व्हायचं. म्हणून आम्ही त्या गठ्ठ्यांना तान्ह्या पोरासारखं जपायचो.

माझा प्रोग्रॅम होता असेंब्ली शॉपसाठी. तिथे व्हायचं काय, की गाड्या जोडायला घेतल्यावर अर्ध्यात कळायचं, अमुक बेअरिंग संपलंय, तमुक नट अजून भोसरीहून आलेलाच नाही. मग लाइन बंद, माणसं बसून आणि फोरमनची तोंडं सुटलेली. कोणता भाग केव्हा कमी पडणार हे आधीच सांगणारा प्रोग्रॅम मी लिहिला. दोन वर्षं लागली. स्टोअरच्या धुळीत उभी राहिले, भोसरीतल्या छोट्या कारखानदारांच्या दारात जाऊन बसले, आणि "बाईमाणूस इथे कशाला?" हे निदान शंभरदा ऐकून घेतलं. शेवटी प्रोग्रॅम चालला. लाइन बंद पडायची जवळपास थांबली.

त्यावर मी इंग्रजीत निबंध लिहिला, परिषदेने तो स्वीकारला आणि दुपारच्या सत्रात मला वीस मिनिटं मिळाली. स्टेजवर उभं राहून मी माझं काम सांगायचं, आणि सत्र संपल्यावर पाहुण्यांना संगणकावर तो प्रोग्रॅम चालवून दाखवायचा. मला बढती नको होती, बक्षीस नको होतं. मला ती वीस मिनिटं हवी होती. चिंचवडगावातल्या, लेथ चालवणाऱ्या टर्नरची मुलगी शेकडो लोकांसमोर उभी राहून सांगणार होती की हे मी केलं. मी आरशासमोर तालीम करत होते, लाज कसली त्यात.

आमचे साहेब मूळचे अकाउंट्समधले. कंपनीत संगणक आला तेव्हा कुणाला तरी प्रमुख करायचं म्हणून त्यांना केलं. तसा माणूस दुष्ट नव्हता. कुणाचं लग्न ठरलं की सगळ्यांना पेढे वाटायचा. पण कार्डांच्या गठ्ठ्याला त्यांनी जन्मात कधी हात लावला नव्हता. परिषदेच्या तयारीची बैठक झाली तेव्हा ते म्हणाले, "बाई, तुम्ही स्वागत समितीच्या प्रमुख. पंचिंगच्या सगळ्या मुली तुमच्या हाताखाली."

"साहेब, माझा निबंध आहे."

"अहो, तो दुपारी आहे ना! सकाळी गेटवर उभं राहायला काय होतंय?"

"मग बाकीचे सहा प्रोग्रॅमर सकाळी काय करणार?"

"ते भाषणं ऐकणार. परिषद आहे ती!" हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की मी बघतच राहिले. भाषणं माझ्याच विषयावरची होती, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

मग फर्मान निघालं. मुलींनी नऊवारी नेसायची, नथी घालायच्या, रांगोळ्या काढायच्या, पाहुण्यांना ओवाळायचं, गुलाबपाणी शिंपडायचं, आणि दुपारी पंगतीत जिलेबीचा आग्रह करायचा. वाढायला कँटीनची माणसं होती, पण आग्रह म्हणे मुलींनीच करायला हवा, त्याशिवाय महाराष्ट्राचा पाहुणचार कसा कळणार! आकुर्डीची एक मुलगी होती, तिच्या वडलांचं मोटारगॅरेज होतं. ती म्हणाली, "ताई, आमच्या मुसलमान घरात कुणालाच नऊवारी नेसवता येत नाही." साहेब लगेच म्हणाले, "मग पुनावळ्याची नेसवेल की!" तिला ती नेसायची आहे का, हे विचारावं असं त्यांना वाटलं नाही. पुनावळ्याची म्हणजे आमची सगळ्यात जुनी पंचिंगवाली. मॅट्रिक झालेली, हात असा वेगवान की नुसता आवाज ऐकून कळायचं यंत्रावर ती बसलीय. तिने मान डोलावली. मीही नेसले. अंगाचा तिळपापड होत होता, पण म्हटलं, सकाळ काढायची, दुपार आपली आहे.

परिषदेच्या सकाळी गेटवर उभी राहून मी लोकांना ओवाळत होते. माझ्याच वयाची, माझ्याच धंद्यातली पोरं छातीवर नावाचे बिल्ले लावून पुढून जात होती. मला बिल्ला नव्हता, साडीवर 'स्वागत' लिहिलेली रेशमी फीत होती. दिल्लीकडच्या एकाने मला हाक मारून विचारलं, "बहनजी, बाथरूम किधर है?" दुसऱ्याने हातातली बॅग माझ्याकडे दिली आणि मागे वळूनही न बघता मांडवात गेला. ती बॅग मी तिथेच रांगोळीच्या शेजारी ठेवून दिली. राहिली असेल तिथेच.

तेवढ्यात पुनावळ्याची धावत आली. तिला मी संगणकाच्या खोलीकडे फुलं पोचवायला पाठवलं होतं. ओचा हातात धरलेला, चेहरा पांढराफटक.

"ताई, आधी तिकडं चला. तुमचा गठ्ठा भिजवलाय त्यांनी."

"कुणी?"

"पूजा केली त्याची!"

आता पूजेबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगते. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते, आणि लहानपणी मी ती बघायला वडलांचा हात धरून जायची. ज्या लेथवर ते वर्षभर राबायचे त्याला झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि मग पेढे. माझे वडील त्या दिवशी लेथसमोर हात जोडायचे तेव्हा मला ते फार आवडायचे. पण लेथला कुंकू लावलं तर लेथचं काही बिघडत नाही. वर घरच्या पूजेसारखं दूध ओतलं तरी पुसून काढता येतं.

इथे झालं असं, की कंपनीच्या मोठ्या साहेबांनी ऐन वेळी सुचवलं, उद्घाटनाआधी संगणकाची पूजा व्हावी. गुरुजी आणले. संगणकावर पाणी शिंपडायचं नाही एवढं कुणालातरी सुचलं. मग पूजा करायची कशाची? तेव्हा आमच्या साहेबांच्या डोक्यातून ती अक्कल निघाली. ते म्हणाले, परिषद सॉफ्टवेअरची आहे, तर पूजाही सॉफ्टवेअरचीच व्हायला हवी! आणि सॉफ्टवेअर म्हणून डोळ्यांना दिसेल, पाटावर ठेवता येईल, असं त्या खोलीत एकच होतं. प्रात्यक्षिकासाठी मी टेबलावर तयार ठेवलेला माझा गठ्ठा.

मी खोलीत शिरले तेव्हा सगळे उद्घाटनाला निघून गेले होते. पाटावर लाल कापड, त्यावर माझा प्रोग्रॅम. त्याला पंचामृताचं स्नान घातलेलं. दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं यथासांग. मग शुद्धोदक. मग कुणीतरी भाविकपणे पंच्याने पुसून घेतलेला, वर हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडूचा हार. कार्डं फुगून एकमेकांना चिकटली होती. मी एक सोडवायला गेले तर चार एकदम आली. गुरुजींना कशाला दोष द्यायचा? त्यांना जे पुढे ठेवलं त्याची त्यांनी पूजा केली. पण त्या खोलीत माझे सहा सहकारी उभे होते, चांगले शिकलेले. त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडून "अहो, थांबा" एवढे दोन शब्द निघाले नाहीत? मोठे साहेब समोर होते ना! आणि जी ओरडली असती, ती गेटवर निरांजन धरून उभी होती.

मस्तकात अशी तिडीक गेली की डोळ्यांतून पाणीच आलं. दुःखाचं नव्हे, संतापाचं. दुसरा गठ्ठा होता तो जुना, चुका दुरुस्त करण्याआधीचा. तो चालवला असता तर पाहुण्यांसमोर शोभा झाली असती.

पुनावळ्याचीने एक कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. प्रत्येक कार्डाच्या वरच्या कडेला त्याची ओळ छापलेली असते, ती वाचता येत होती. ती म्हणाली, "ताई, रडू नगा. आमी हाय न्हवं? अक्षरं दिसत्यात. पुन्हा मारू."

"पोरी मांडवात आहेत, अगं."

"आनते की!"

आणि तिने आणल्या. पंगतीच्या आग्रहाला नेमलेल्या, गुलाबपाणी शिंपडणाऱ्या, बायकांच्या खोलीबाहेर रखवालीला ठेवलेल्या, सगळ्या. नथी काढून टेबलावर ठेवल्या, पदर खोचले आणि यंत्रांवर बसल्या. मी एकेक कार्ड सोडवून, पुसून, अनुक्रमाने लावून त्यांच्यापुढे ठेवत होते. आकुर्डीची मुलगी कुंकवाने लाल झालेली बोटं नऊवारीला पुसत होती आणि पुन्हा पंच करत होती. हॉल नुसता खडखडत होता. मला वाटतं त्या दिवशी परिषदेत जे काही खरं काम झालं, ते तेवढंच.

साहेब आले ते तणतणतच. "अहो बाई, पंगत बसलीय! जिलेबीचा आग्रह करायला तिकडे एक मुलगी नाही! लोक काय म्हणतील?"

"लोक हाताने घेतील, साहेब. देवाने हात दिलेत त्यांना."

"असं कसं बोलता? केवढी मोठी माणसं आलीयेत!"

"या कार्डांना पंचामृत कुणी घातलं?"

ते जरा चपापले. "थोडंसं शिंपडलं. त्याने काय होतंय, म्हटलं. शुभ असतं."

मी एक कार्ड त्यांच्या हातात दिलं. ते त्यांच्या बोटांना चिकटलं, झटकलं तरी पडेना. आकुर्डीची तोंड फिरवून हसली. साहेबांनी ते कार्ड शेवटी दुसऱ्या हाताने ओढून काढलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "दुपारपर्यंत होईल ना हे?"

"होईल. पण एकही मुलगी इथून हलणार नाही. आणि सत्रात माझी पाळी तिसरी आहे. मी येतेय. तुम्ही तेवढं अध्यक्षांना सांगून ठेवा."

"हो हो, सांगतो ना, काळजी नको," म्हणाले आणि गेले. मी विश्वास ठेवला.

शेवटचं कार्ड झालं, गठ्ठा यंत्रात घातला, आणि आम्ही सगळ्या त्याच्याभोवती उभ्या राहिलो. यंत्राने खाटखाट करत सगळी कार्डं गिळली, एकही चावलं नाही, आणि पलीकडे छपाई सुरू झाली. मुलींनी टाळ्या पिटल्या. आणि त्या टाळ्या थांबल्यावर मला मैदानावरचा कर्णा ऐकू आला. साहेबांचा आवाज होता. ते इंग्रजीत काहीतरी वाचत होते. वाक्य ओळखीचं वाटलं. पुढचं वाक्य काय येणार हे मला आधीच कळलं, कारण ते मी लिहिलेलं होतं. आरशासमोर पाठ केलेलं.

मी धावत सुटले. कुंकवाने माखलेली साडी, हातांना मध, पायांत चपला नाहीत. मुली मागे. मांडवात पोचलो तर साहेब शेवटच्या पानावर. 'आय' होतं तिथे त्यांनी 'वुई' घातलं होतं, तेवढाच काय तो फरक. टाळ्या झाल्या. नंतर कळलं की बाई यंत्रावर अडकल्या आहेत असं सांगून, अध्यक्षांकडची प्रत मागून घेऊन त्यांनी माझा निबंध तिसऱ्याचा पहिला करून घेतला होता, आणि मोठ्या साहेबांना निघायची घाई होती म्हणून मग आमच्या साहेबांचा सत्कारही तिथल्या तिथे उरकायचा ठरला. आमच्याकडे सत्काराशिवाय पान हलत नाही. निवेदकाने पुकारलं, "आता स्वागत समितीच्या भगिनींनी शाल-श्रीफळ घेऊन पुढे यावं."

भगिनी म्हणजे मी! माझाच निबंध वाचल्याबद्दल साहेबांना शाल-श्रीफळ द्यायला मला बोलावत होते.

मी गेले. शाल घेतली, नारळ घेतला, स्टेजवर चढले. साहेबांनी सवयीने मान खाली घालून हात जोडले. मी तशीच उभी राहिले. त्यांनी वर बघितलं. त्यांच्या पुढ्यात माईक होता. मी विचारलं, "साहेब, हा निबंध कुणाचा?"

"बाई, आधी शाल..."

"कुणाचा?"

"तुमचाच हो," ते पुटपुटले, आणि ते पुटपुटणं मैदानभर ऐकू गेलं. मी शाल आणि नारळ टेबलावर ठेवला आणि अध्यक्षांना म्हणाले, "माझी वीस मिनिटं आता मी घेते." अध्यक्ष घड्याळाकडे बघून म्हणाले, उरलेले निबंध नंतर, आता चहाची वेळ झाली आहे. मी म्हणाले, "ज्यांना चहा हवाय त्यांनी जावं."

पुष्कळ जण गेले. जाऊ देत. रागाची एक गंमत असते, तो आवाज कापू देत नाही. निबंध तर वाचून झालाच होता, तो पुन्हा कशाला वाचू? मी कागद न घेता माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगायला लागले. लाइन का बंद पडायची, ती बंद पडली की काय व्हायचं, भोसरीचा नट आला नाही हे संगणकाला आधी कसं कळतं. रिकाम्या झालेल्या खुर्च्यांवर पंचिंगच्या मुली येऊन बसल्या. मी त्यांच्याकडे बघत बोलले आणि माझी वीस मिनिटं पुरी घेतली.

खाली उतरले तेव्हा दोन-चार पाहुणे जवळ आले, प्रश्न विचारले, सत्र संपल्यावर यंत्रावर प्रोग्रॅम बघायला येतो म्हणाले, एकाने हात मिळवला आणि त्याचा हात मधाने चिकट झाला. मला वाटलं, मिळालं आपल्याला हवं ते. पुनावळ्याची बाजूला उभी होती. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "ताई, माझा भाऊ असेंब्लीतच हाय. टेंपररी. लाइन बंद पडली की त्याला घरी धाडायचे, त्या दिवसाचा पगार न्हाई. गेल्या सालापास्नं ते थांबलं. आई म्हनायची, देवानं ऐकलं. ते या कार्डांनी थांबलं व्हय?"

"हो, त्यानेच."

"मी मारलेल्या?"

"बरीचशी तूच मारलीस."

मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तिचा चेहरा सकाळी माझा झाला असेल तसा झाला होता. मला ओलांडून ती तडक साहेबांकडे गेली. ते चहाचा कप घेऊन पाहुण्यांत उभे होते. नऊवारी नेसलेली, कुंकवाने हात भरलेली ती मुलगी पाहुण्यांच्या मधोमध जाऊन म्हणाली, "साहेब, ह्या कार्डांनी काय व्हतंय ते आमाला इतकी वर्सं कुनी का न्हाई सांगितलं?"

साहेब कसनुसं हसले. "अगं, तुझं काम पंचिंगचं. तुला काय करायचंय ते?"

"व्हय साहेब, माझं काम पंचिंगचं," ती म्हणाली. "म्हनूनच इचारते."

साहेबांनी कप खाली ठेवला. ती उत्तराची वाट बघत उभी राहिली, आणि आम्ही बाकीच्या सगळ्या तिच्यामागे जाऊन उभ्या राहिलो.